रबर की पोलाद?

इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला जातो. रबर आणि पोलाद, यांत जास्त स्थितिस्थापक कोण? समोरचं पोरगं आधीच घामाघूम झालेलं असतं. त्याला वहीभोवतीचं रबरबँड आठवतं आणि ते सांगून टाकतं, ‘‘रबर, सर.’’ परीक्षक शेजारच्या सरांकडे बघून हसतात. उत्तर पोलाद असतं.

विषयाचं नाव स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, पोरांच्या तोंडी ‘एसओएम’. कुठली वस्तू किती भार पेलेल, किती वाकेल आणि कधी तुटेल, एवढंच त्यात शिकायचं असतं. सुरुवातीचं गणित गुणाकार-भागाकाराच्या फार पुढे जात नाही. अवघड असतं ते मनाला चटकन सुचलेलं उत्तर बाजूला ठेवणं. या विषयात ते बहुतेक वेळा चुकतं, आणि चुकणाऱ्यांच्या यादीत खुद्द गॅलिलिओसुद्धा आहे.

हे प्रश्न तपासायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. हंगामाच्या दिवसांत नेवासे तालुक्यातल्या सोनईत नुसतं रस्त्याकडेला उभं राहिलं तरी पुरे. मुळा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या, ऊसतोड जोड्यांच्या, म्हणजे कोयत्यांच्या, टायरगाड्या, वेल्डिंगची दुकानं, कुठेतरी चाललेलं स्लॅबचं काम, शेतात उभी शाळू ज्वारी. सगळा पेपर इथे मांडलेला आहे.

आधी पोलाद. सिमेंट-स्टीलच्या दुकानातली 12 मिलिमीटरची, करंगळीएवढी सळई घ्या. तिचा तीन मीटरचा तुकडा वरून पक्का बांधला आणि खाली 60 किलोचा माणूस लोंबकळला, तर सळई लांबेल का? बहुतेक जण नाही म्हणतील. पण ती लांबते, सुमारे 0.08 मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकी. माणूस उतरला की तेवढीच आखडते. दोन माणसं लोंबकळली तर दोन केस, तीन लोंबकळली तर तीन.

भार जितका तितकी वाढ, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचा. 1676 साली, म्हणजे इकडे शिवरायांच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, त्याने तो छापला. पण छापला कसा, तर लॅटिन वाक्यातली सगळी अक्षरं सुटी करून, वर्णानुक्रमाने लावून. शोध आपल्या नावावर लागावा आणि तरी कुणाला कळू नये, असा दुहेरी डाव. उलगडा त्याने दोन वर्षांनी केला. या माणसाचं न्यूटनशी कधी पटलं नाही, यात नवल नाही.

हूकच्या या साध्या नियमातून एक विलक्षण गोष्ट निघते. ओट्यावर पोतं ठेवलं की ओटा त्याला तेवढ्याच जोराने वर रेटतो, हे आपण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात शिकलेलो असतो. पण पोतं 50 किलोचं आहे की 100 किलोचं, हे ओट्याला कसं कळतं? कळतं ते दबण्यातून. ओटा दबतो, जितका दबतो तितका जास्त जोराने उलटा रेटतो, आणि तो जोर पोत्याच्या वजनाइतका झाला की दबणं थांबतं. जी वस्तू मुळीच दबणार नाही, तिला किती जोर लावायचा हे ठरवायला काही मार्गच नाही. तेव्हा शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यापासून मुळा धरणाच्या मातीच्या भिंतीपर्यंत सगळं अष्टौप्रहर थोडं थोडं दबलेलं, ताणलेलं, वाकलेलं आहे. केसाच्या जाडीचा फरक आपल्याला दिसत नाही, इतकंच.

आता तो परीक्षेतला प्रश्न. सारख्या जाडीच्या दोन तुकड्यांत सारखीच वाढ घडवायची तर पोलादाला रबरापेक्षा हजारो पट जोर लागतो आणि तितक्याच जोराने ते मूळ लांबीवर येतं, म्हणून पुस्तकी व्याख्येने पोलाद जिंकतं. मला स्वतःला हा प्रश्न जरा लबाड वाटतो. रबर पाच-सहा पट लांबूनही परत येतं. आपली तीन मीटरची सळई मात्र साडेसात मिलिमीटरच्या पुढे लांबली, तर ती जादा वाढ तिला परत घेता येत नाही. खेळकरपणा रबराकडे आहे, ताठा पोलादाकडे. पण मार्क हवे असतील तर पोलाद म्हणावं.

त्या साडेसात मिलिमीटरपर्यंत पोचायला भार किती लागतो ते मात्र ऐकण्यासारखं आहे. सळईच्या ग्रेडमधल्या 500 या आकड्याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 51 किलोचा ताण. बारा मिलिमीटरच्या सळईच्या छेदात असे 113 चौरस मिलिमीटर बसतात. गुणाकार साडेपाच टनांच्या वर जातो. चांगला वाढलेला हत्ती या करंगळीएवढ्या सळईला टांगता येईल.

आणि त्यापुढेही ती लगेच तुटत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या यूटीएम यंत्रात सळई ताणत नेली की बराच वेळ काहीच होत नाही. मग भाराचा काटा रेंगाळतो, सळई मात्र लांबतच राहते, वरची काळपट खपली झडायला लागते, एका जागी मान बारीक होते आणि कानठळ्या बसवणारा आवाज होऊन दोन तुकडे होतात. तुटलेल्या टोकाला हात लावला तर गरम लागतं. लांबताना पोलादाने जी ऊर्जा गिळली, ती तिथे उष्णता होऊन बसलेली असते. ‘500 डी’ म्हणून जी सळई विकतात ती तुटण्याआधी निदान 16 टक्के लांबली पाहिजे, असा नियम आहे. तो ‘डी’ या ताणून घेण्याच्या गुणाचा. भूकंपात घर हलतं तेव्हा माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो तो याच गुणामुळे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाडजूड भिंती हजारो माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींना वजन भरपूर होतं, ताण सोसायची ताकद जवळजवळ नव्हती.

मग दगड कमकुवत का? तसंही नाही. त्यासाठी सोनईहून नेवाशाला जावं लागेल. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब तिथे उभा आहे. मूळचं देऊळ गेलं, खांब राहिला. दुर्गाबाई भागवतांच्या एका पुस्तकाला नाव मिळालं ते याच खांबावरून. भाविक त्याला माथा टेकतात. एसओएमवाल्याने माथा टेकून झाल्यावर एक गणित करून बघावं.

आपल्या भागातला चांगला काळा पाषाण दर चौरस मिलिमीटरला 100 ते 200 न्यूटनपर्यंत दाब सहन करतो. मधला 150 आकडा धरला, तर एक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, सुमारे दीड टन. आता असं विचारा: अशा दगडाचा खांब उभा करत गेलो तर किती उंचीवर त्याचा पाया स्वतःच्याच वजनाने भुगा होईल? पटकन उत्तर येतं, शंभर मीटर, फार तर पाचशे. खरं उत्तर पाच किलोमीटरच्या वर आहे. आपल्याच जिल्ह्यातलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं. तशी तीन एकावर एक ठेवली तरी खालचा दगड तग धरेल. आणखी गंमत म्हणजे खांब फूटभर जाड असो की दहा फूट, उंची तीच येते. जाडी वाढली की वजन वाढतं, पण ते पेलणारी जागाही त्याच प्रमाणात वाढते. दोघांची काटछाट होते. अर्थात फूटभर जाडीचा पाच किलोमीटरचा खांब भुगा होण्याच्या कितीतरी आधी बाजूला लचकून पडेल. ते निराळं प्रकरण आणि ते ऑयलरने अठराव्या शतकात सोडवलं: खांबाची उंची दुप्पट केली की लचकण्याआधी तो पेलू शकेल असा भार चौथाईवर येतो. दगड तोच, जाडी तीच, फक्त उंची बदलली.

उभा असताना एवढा बलवान असलेला हा दगड आडवा टाकला की त्याचं सगळं शौर्य संपतं. दोन टोकांना आधार देऊन तुळईसारखा ठेवला की तो वाकतो. वाकताना त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दगडाची ताण सोसायची ताकद दाबाच्या मानाने दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात अंतर दुप्पट केलं, तर स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो आणि झोळ सोळापट. म्हणून जुन्या देवळांच्या मंडपांत खांबांची एवढी दाटी असते. देवापुढे माणसं मोकळी बसावीत असं स्थपतींनाही वाटत असणारच, पण दगडी तुळई मोठं अंतर ओलांडू देत नाही.

वाकण्याचं हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं ते गॅलिलिओने, 1638 साली छापलेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात. तेव्हा तो नजरकैदेत होता आणि दृष्टीही गेली होती. भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगलं तर ती कधी मोडेल, असा त्याचा प्रश्न. त्याने मानलं की तुळई खालच्या कडेभोवती उलगडते आणि सगळ्या छेदावर सारखा ताण असतो. वरवर पाहता पटतं. पण खरं तर वर ताण, खाली दाब आणि मधे एक असा थर, जिथे ना ताण ना दाब. हा मधला थर त्याच्या हातून सुटला आणि तुळईची ताकद त्याने तिप्पट धरली. ही चूक काही लोकांनी मधे दुरुस्त केली, पण ती दुरुस्ती कुणी वाचली नाही; बरोबर उत्तर पक्कं रुजलं थेट 1826 च्या सुमारास, फ्रान्सच्या नेव्हिएच्या हातून. जगातल्या एका थोर डोक्याला जे दिसलं नाही ते आज डिप्लोमाचं पोरगं दोन ओळींत लिहून चार मार्क घेतं.

तो मधला थर सापडला की पुढची सगळी दुनिया उलगडते. मधे काम नाही, काम आहे ते कडांना. मग माल मधे कशाला ठेवायचा? वेल्डिंगच्या दुकानात उभे असलेले गर्डर पाहा: वर रुंद पट्टी, खाली रुंद पट्टी, मधे फक्त त्यांना दूर धरून ठेवायला पातळ पत्रा. शेतातलं ज्वारीचं धाटही तेच करतं. बाहेरची साल चिवट आणि कडक, आत नुसता हलका भेंडाचा गाभा. डोईवर कणसाचं ओझं घेऊन ते माणसापेक्षा उंच होतं आणि पौषातल्या वाऱ्यात डोलतं. ज्यांनी लहानपणी ही साल आणि भेंड वापरून बैलगाड्या केल्या असतील, त्यांच्या बोटांना हे केव्हाच कळलेलं आहे. साल बोट कापते, भेंडात काडी सहज घुसते. पक्ष्यांची पोकळ हाडं आणि बोरू यांचा दाखला गॅलिलिओनेही दिला होता. तिथे मात्र तो बरोबर होता.

एक प्रश्न घरी सोडवण्यासारखा. आठ इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी ओढ्यावर आडवी टाकली. ती तशीच चपटी ठेवण्याऐवजी कडेवर उभी केली तर किती फरक पडेल? लाकडाचं एक कुसळही वाढलेलं नाही. तरी ती चौपट भार पेलते आणि सोळापट कमी झुकते. वाड्यातल्या तुळया आणि छपराचे वासे उभट असतात ते यामुळे. (ओढा ओलांडायला लोक फळी चपटीच टाकतात, कारण दोन इंचांच्या कडेवरून चालणार कोण!)

आता स्लॅब. काँक्रीट हा माणसाने बनवलेला दगडच, त्यामुळे गुण-दोषही दगडाचेच. ‘एम 20’ म्हणजे दीडशे मिलिमीटरचा ठोकळा 28 दिवस पाण्यात मुरवून दाबला तर दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन सोसतो. त्या अर्ध्या फुटाच्या ठोकळ्यावर हे जवळजवळ 46 टन झाले. ताणात मात्र तो पोकळ. 1867 साली फ्रान्सच्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घालायचं पेटंट घेतलं, आणि तिथून काँक्रीटला ताण सोसणारा जोडीदार मिळाला. हे लग्न टिकलं त्यामागे एक निव्वळ नशीब आहे, ज्याचं मला अजून नवल वाटतं. तापल्यावर पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारखंच प्रसरण पावतात. पोलाद जरा जास्त फुगणारं असतं तर नगरी उन्हाळ्याच्या एकेका दुपारी सळया काँक्रीटपासून सुटत गेल्या असत्या आणि आजचं एकही शहर उभं नसतं.

सळई टाकायची कुठे, हा या पेपरातला सगळ्यात महाग प्रश्न आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला किंवा दारावरच्या लिंटेलला खालून, कारण ताण खाली. शिंगणापूरच्या घरांना परंपरेने कवाडं नाहीत, पण कवाड नसलं म्हणून वरच्या लिंटेलला सुट्टी मिळत नाही. भिंतीचं वजन तिलाच वाहायचं असतं. आणि खिडकीवरच्या छज्ज्याला? तो एका बाजूने भिंतीत अडकलेला, दुसरी बाजू मोकळी. टोक खाली झुकतं, वरचा पृष्ठभाग ताणला जातो. तिथे सळई वर हवी.

हे वाचायला सोपं आहे. साइटवर काय होतं? बार बेंडर सळया नीट वर बांधून जातो. मग काँक्रीट ओतायच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून फिरतात आणि पायाखाली सळया दबत दबत खाली बसतात. चार इंचांच्या छज्ज्यात वरच्या कडेची सळई मध्यावर आली तरी ताकद जवळपास निम्मी होते. अगदी तळाला बसली तर ती असून नसल्यासारखीच. वरून गिलावा झाला की बाहेरून काही कळत नाही. सेंट्रिंग काढल्याबरोबर छज्जा पडला तर नशीब चांगलं म्हणायचं, कारण तेव्हा खाली कुणी बसलेलं नसतं. म्हणून जाणता मिस्त्री वरच्या सळयांखाली वाकवलेल्या सळईच्या ‘खुर्च्या’ ठेवतो आणि चालायला फळ्या टाकतो. खर्च नगण्य. पण स्लॅबच्या दिवशी मालकाचं लक्ष मजुरांच्या जेवणावळीवर असतं, खुर्च्यांवर नसतं.

गॅलिलिओच्या त्याच पुस्तकात या धोक्याची गोष्ट आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. मधे मोडू नये म्हणून एका कारागिराने तिसरा ओंडका मध्याखाली सरकवला. सगळ्यांना वाटलं, आधार वाढला, आता भीती नाही. काही महिन्यांनी खांब बरोबर त्या नव्या आधाराच्या वर तडकला. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, त्यामुळे अर्धा खांब मधल्या ओंडक्यावरून अधांतरी राहिला. म्हणजे छज्जा झाला. ताण वरच्या बाजूला गेला आणि दगडाने हार मानली. तिसरा ओंडका नसता तर खांब खचलेल्या ओंडक्याबरोबर नुसता थोडा कलला असता. जादा आधाराने मोडलेला खांब: तोंडी परीक्षेत रबराऐवजी हा प्रश्न विचारावा असं मी सुचवेन.

सोनई-घोडेगाव रस्त्यावर आता लाकडी चाकाची गाडी सहसा दिसत नाही, कोयत्यांच्या गाड्यांनाही रबरी टायर आले. पण या विषयाचा सर्वांत देखणा प्रयोग गावोगावचे सुतार आणि लोहार चाकाला धाव बसवताना करत आले. बाभळीचं चाक तयार झालं की लोहार लोखंडी पट्टीचं कडं करायचा, चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान. मग गोवऱ्यांच्या आरात ते लाल होईपर्यंत तापवायचं, सांडशींनी उचलून चाकावर चढवायचं, घणाने ठोकून बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचे लोट उठतात, लाकूड करकरतं, आणि थंड होणारी धाव अख्ख्या चाकाला आवळून धरते. चारेक फूट व्यासाचं कडं 400 अंशांनी तापलं तर त्याचा घेर सुमारे 18 मिलिमीटरने वाढतो. एवढ्या सवलतीत सगळा खेळ.

आवळण्याचा जोर किती असेल? पोलादाला थंड होताना आखडू दिलं नाही, तर दर अंशाला दर चौरस मिलिमीटरमागे 2.4 न्यूटन ताण त्यात साठत जातो. नुसतं 100 अंशांचं आखडणं अडवलं तरी 240, आणि साधं लोखंडी काम 250 च्या आसपास हार मानतं. लाकूड थोडं दबतं म्हणून प्रत्यक्षातला ताण कमी भरतो, पण कडं फारच लहान केलं तर धाव तुटणार किंवा चाक वेडंवाकडं होणार. मोठं केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात निसटणार. किती लहान करायचं, हे लोहार दोरीने घेर मोजून ठरवायचा. त्या दोरीत पोलादाचा ताठा सांगणारा यंगचा गुणांक होता, प्रसरणांक होता आणि सुरक्षितता गुणकही होता.

या चाकाशेजारी सायकलचं चाक ठेवून बघा. बैलगाडीचे आरे मनगटाएवढे जाड, सायकलचे दोन मिलिमीटरची तार. ती तार दाबली तर क्षणात लचकेल. मग ती माणसाचं वजन पेलते कशी? इथे मनाचं उत्तर असतं की खालच्या तारा वजन उचलून धरतात. प्रत्यक्षात सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात, आणि वजन आलं की खालच्या तारांमधला ताण थोडा उतरतो. त्या दाबात जात नाहीत. धाव आत दाबते म्हणून गाडीचे आरे दाबात राहतात. सायकलची रिम बाहेर ओढते म्हणून तिच्या तारा ताणात. दोन्ही चाकं गोल, दोन्ही फिरतात, आणि आतला कारभार नेमका उलटा.

कारखान्यात शिरलं की पिळाचा प्रश्न येतो. एकच शक्ती, समजा 300 किलोवॉट, मोटरकडून गिअरमधून उसाच्या मिलच्या रोलरपर्यंत जाते. मोटर मिनिटाला हजार फेरे घेते, रोलर संथपणे पाच. कुणाचा दांडा जाड हवा? वेगाने फिरणाऱ्यावर जास्त ताण येत असेल असं वाटतं. उलट आहे. शक्ती तीच आणि फेरे दोनशे पटींनी कमी, म्हणजे पीळ दोनशे पट. मोटरला सात सेंटिमीटरचा दांडा पुरत असेल, तर तेवढाच ताण ठेवून रोलरला तो 40 सेंटिमीटरचा लागतो. वाकण्यासारखंच पिळातही बाहेरची कड राबते आणि गाभा बसून खातो. निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडलं तर दांड्याचं एक चतुर्थांश वजन जातं, ताकद जाते फक्त सोळावा हिस्सा. ट्रकखालचा प्रोपेलर शाफ्ट नळीसारखा पोकळ असतो तो याच हिशेबाने.

पण रोलरचा दांडा फक्त पिळला जात नाही. उसाच्या दाबाने तो वाकतोही, आणि वाकलेल्या अवस्थेत फिरतो. त्याच्या पृष्ठभागावरचा एक ठिपका धरा: अर्ध्या फेऱ्यात तो ताणात असतो, उरलेल्या अर्ध्यात दाबात. मिनिटाला पाच फेरे, दिवसाला 7200, आणि हंगाम दीडशे दिवस चालला तर दहा लाखांच्या वर. एकदा आलेला जो ताण पोलादाला चिमटाही काढत नाही, तोच दहा लाख वेळा उलटसुलट आला की चीर पाडू शकतो. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वे इंजिनाचा कणा असाच तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर लोकांना वाटायचं की लोखंड वापरून वापरून आतून बदलतं. जर्मनीच्या आउगुस्ट व्होलरने पुढची काही वर्षं रेल्वेचे आंस यंत्रावर फिरवून फिरवून तोडले आणि दाखवलं की ताण एका हद्दीखाली ठेवला तर पोलाद लाखो फेरे मुकाट्याने घेतं. हद्द ओलांडली तर फेऱ्यांचा आकडा ठरलेला. म्हणून गाळप संपलं की नुसत्या डोळ्यांनी धड दिसणारा दांडाही अल्ट्रासॉनिक यंत्राने आतून ऐकून बघावा लागतो.

ट्रॉलीचे पाटे आणि आंस यांचंही तेच. ट्रॉलीचा आंस फिरत नाही, पण प्रत्येक खड्डा त्याला एक हेलकावा देतो. मग एखाद्या रात्री तो तुटतो, ऊस रस्त्यावर सांडतो आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की भरती नेहमीचीच होती. भांडण मिटवायला तुटलेला तुकडा पुसून उजेडात धरावा. त्याच्या तोंडावर दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, शिंपल्यावरच्यासारख्या वळ्या असलेला. तिथे चीर महिनोन्‌महिने इंचाइंचाने सरकत होती. दुसरा खडबडीत, दाणेदार. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि दाणेदार भाग सुपारीएवढा असेल तर ड्रायव्हर खरं बोलतोय, एवढासा तुकडा शिल्लक असेपर्यंत आंसाने भार ओढला. दाणेदार भाग मोठा असेल तर ट्रॉली जादा भरलेली होती. वळ्या जिथे एकवटतात तिथे चीर सुरू झालेली असते, आणि तिथे बहुतेक वेळा वेल्डिंगचा एखादा ओबडधोबड टाका किंवा खाचेचा काटकोनी कोपरा सापडतो. नवा आंस करून घेताना तो कोपरा गोल करायला सांगावा.